कोणाच्या हातचे आणि कशाचे

वसंत व्याख्यानमालेत कामगार संघटनेचा माणूस उभा राहिला, की तो महागाईभत्ता, बोनस किंवा एखाद्या गाजलेल्या संपाचा इतिहास सांगणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आम्ही चिटणिसांना 'चीज' हा विषय कळविला, तेव्हा त्यांनी आमच्याकडे जरा चमकूनच पाहिले. 'कष्टाचे चीज झाले' असे आपण म्हणतो, त्यातले हे चीज नव्हे; तो शब्द फारसीतून आपल्याकडे आला. आमचे चीज दुधाचे. साताऱ्याच्या राजवाड्यापासून सांगलीच्या गणपती पेठेपर्यंत दुकानादुकानांतून ते आता मिळते, आणि मुलांच्या हट्टामुळे ते माळकऱ्यांच्या आणि जैनांच्या घरांतही शिरले आहे.

हा विषय आम्हांला एका कामगाराने दिला. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका डेअरीत कामगारांची बैठक आटोपली आणि चीज विभागातला एक मध्यमवयीन कामगार मागे रेंगाळला. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची वारी न चुकविणारा माणूस. तो म्हणाला, "अण्णा, पगाराचं काय हुईल ते हुईल. पर टाकीत आमी जे औषध घालतो, ते कशाचं आसतंय तेवढं इचारून द्या. डब्यावरचं काय वाचाय येत न्हाई. मुकादमाला दोनदा इचारलं, तर म्हणतोय, तुला काय करायचंय? आमची माळ हाय."

आम्ही हसलो. "माउली, आधी फंडाचं बघू, मग औषधाचं," असे म्हणून आम्ही तो विषय टाळला. पुढे केव्हातरी चीज कसे होते ते वाचनात आले, आणि त्या माणसाचा प्रश्न हसण्यासारखा नव्हता हे आमच्या ध्यानात आले. आजचे भाषण म्हणजे त्या हसण्याची भरपाई आहे.

प्रथम दुधाचे पाहू. आपल्या घरात दूध घट्ट करण्याच्या दोनच रीती. एक विरजणाची: कवडीभर दही घालावे, सकाळी दही लागलेले असते, ते फडक्यात टांगले की चक्का आणि त्याचे श्रीखंड. दुसरी रीत आंबटाची: तापल्या दुधात लिंबू पिळले की दूध फाटते आणि पनीर हाती येते. साताऱ्याचा कंदी पेढा तर दूध आटवूनच होतो. या साऱ्यांत प्राण्याच्या शरीरातले दुधावाचून दुसरे काही नाही. म्हणूनच दुधाचा पदार्थ आपल्याकडे उपवासालाही चालतो, आणि दुधाच्या पदार्थाविषयी शंका घ्यावी अशी आपल्या आयाबायांना सवयच नाही.

चीजची रीत निराळी. दूध पिणाऱ्या वासराच्या चौथ्या जठरात एक विकर असते. ते दुधातील केसीन नावाच्या प्रथिनाला असे काही कापते, की सारे दूध फारसे आंबट न होता खरवसासारखे घट्ट बसते. वासराला दूध पचावे म्हणून निसर्गाने केलेली ही सोय. माणसाने ती हजारो वर्षांपूर्वी हेरली. कापलेल्या वासराचे जठर खारवून वाळवायचे, त्याचा तुकडा दुधात भिजवायचा; दूध बसले की त्याचे तुकडे करून निवळी काढून टाकायची, उरलेला गोळा मीठ घालून दाबायचा आणि महिनोन् महिने मुरवायचा. या जठररसाला रेनेट म्हणतात. १८७४ साली डेन्मार्कमध्ये ख्रिश्चन हान्सेन याने प्रमाणित ताकदीचे रेनेट काढून विकण्याचा कारखाना घातला, आणि घरगुती जठराच्या जागी बाटली आली. एका भागाने दहा-पंधरा हजार भाग दूध बसते, इतके ते जहाल. किलोभर कठीण चीजला सुमारे दहा लिटर दूध लागते. त्यात रेनेट थेंबभरच. पण माळकऱ्याचा प्रश्न थेंब केवढा हा नसून कशाचा हा होता.

येथे एक फरक आम्हांला स्पष्ट करावासा वाटतो, कारण पुढचे सारे विवेचन त्यावर उभे आहे. अन्नाविषयी आपल्या समाजाने दोन प्रश्न विचारले. पहिला, 'हे कोणाच्या हातचे?' आणि दुसरा, 'हे कशाचे?' दिसायला दोघे भाऊभाऊ. पण त्यांचे कूळ एक नव्हे.

पहिल्या प्रश्नाने आपल्या देशाचे केवढे नुकसान केले हे सांगायला आम्हांला साताऱ्याबाहेर जावे लागत नाही. ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्यांनी आणि टिळकांसारख्यांनी १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला, तर त्यावरून ग्रामण्य माजले आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले. चहाच्या पानात काय दोष होता? काही नाही. दोष हाताचा होता. अर्थात पुण्यातल्या थोरामोठ्यांचे प्रायश्चित्तावर भागले. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली काही मुले मसूर स्टेशनावर उतरली. त्यांत भीमराव आंबेडकर हा नऊ-दहा वर्षांचा मुलगा होता. खटाव तालुक्यातील गोरेगावापर्यंत बैलगाडीने जायचे होते. डब्यात खायला भरपूर होते. पण रात्री वाटेत प्यायला पाणी कोणी देईना, आणि पाण्यावाचून घास उतरेना. मुले तशीच उपाशी निजली. डॉ. बाबासाहेबांनी ही हकीकत स्वतः लिहून ठेविली आहे. अन्न शुद्ध होते, पाणी शुद्ध होते. अशुद्ध ठरविले गेले ते मूल.

या प्रश्नाला उत्तरही आमच्याच जिल्ह्यात मिळाले. कुंभोजच्या जैन घराण्यात १८८७ साली जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली ती साताऱ्यास आणली. त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसू लागली. ज्या घराण्यात 'कशाचे' हा प्रश्न पिढ्यान् पिढ्या काटेकोरपणे विचारला गेला, त्याच घराण्यातल्या माणसाने 'कोणाच्या हातचे' हा प्रश्न पंगतीतून हद्दपार केला. आम्हांला ही गोष्ट फार मोलाची वाटते. दोन प्रश्न वेगळे करता येतात, याचा हा पुरावा आहे.

आता दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास. हा प्रश्न आधुनिक काळात प्रथम मोठ्याने विचारला गेला तो १८५७ साली. नव्या एनफील्ड बंदुकीच्या काडतुसाला लावलेले वंगण कशाचे, असे शिपायांनी विचारले. कंत्राटात चरबी कोणत्या जनावराची हे बजावलेलेच नव्हते. त्यामुळे सरकारला नीट उत्तर देता आले नाही, आणि दिले तेव्हा त्यावर कोणाचा विश्वास बसला नाही. १८५७ च्या उठावाची कारणे अनेक होती. साताऱ्याच्या गेंडामाळावर त्या वर्षी ज्या सतरा जणांना देहान्त शिक्षा झाली, त्यांचा राग राज्य खालसा झाल्याचा होता, काडतुसाचा नव्हता. पण वंगणाच्या प्रकरणातून एक गोष्ट निश्चित शिकण्यासारखी आहे. वस्तू बनविणाऱ्याने घटक सांगितला नाही, तर ती रिकामी जागा अफवा भरून काढते.

१९०५ नंतरच्या स्वदेशी चळवळीत हाच प्रश्न साखरेला लागला. परदेशी साखर हाडांनी आणि रक्ताने शुद्ध करतात, असा प्रचार महाराष्ट्रात जोराने झाला. ती निव्वळ अफवा नव्हती. युरोपातील शुद्धीकरणाच्या कारखान्यांत हाडांच्या कोळशातून रस गाळीत असत, आणि त्याही आधीच्या काळात मळी वर आणण्यासाठी बैलाचे रक्त वापरीत. तरीही त्या प्रचाराचा रोख खाणाऱ्याला माहिती देण्यापेक्षा परदेशी मालावर बहिष्कार घालण्याकडे अधिक होता. आमच्या सांगली-कोल्हापूरच्या गुऱ्हाळांत मात्र मळी काढण्यासाठी भेंडीचा चिकट रस वापरण्याची रीत आहे, आणि आपल्या साखर कारखान्यांत रस स्वच्छ होतो तो प्रामुख्याने चुन्याने आणि गंधकाच्या धुराने. कारखान्यांच्या गेटवर आमची अर्धी हयात गेली, म्हणून हे आम्ही खात्रीने सांगू शकतो. ज्याचा हात कामात असतो त्याला घटक ठाऊक असतो. प्रश्न असतो तो त्याला बोलू देण्याचा.

तिसरा प्रसंग आमच्या आठवणीतला. १९८३ साली वनस्पती तुपात आयात केलेली गाईची चरबी मिसळल्याचे उघडकीस आले आणि देशभर खळबळ माजली. आम्ही तेव्हा शाळेत होतो. गल्लीतल्या बायकांनी डबे उकिरड्यावर नेऊन ओतले. आमच्या आईने डबा ओतला नाही, पण कितीतरी दिवस त्याला हात लावला नाही. दिवाळीचे पदार्थ कशात तळायचे हा प्रश्न घरोघर होता. सरकारने चरबीच्या आयातीवर बंदी घातली. पण गरीब बाईच्या मनात जो संशय बसला, तो कोणत्या सरकारी पत्रकाने गेला? घाण्याचे तेल परवडत नाही म्हणून ती वनस्पती घेत होती. फसवणूक नेहमी स्वस्त मालाच्या वाटेने येते, आणि म्हणून हा प्रश्न केवळ सोवळ्याचा नसून आमच्या वर्गाचाही आहे.

या पार्श्वभूमीवर चीजची कथा पाहावी. वासराच्या जठरावाचून चीज व्हावे, हा विचार आपल्या देशाच्या संदर्भात १८८० च्या दशकातच झाला होता. सिंध, बलुचिस्तान आणि अफगाणिस्तान या मुलखांत पनीरबंद नावाचे एक झुडूप होते. ते आपल्या अश्वगंधेचे जवळचे नातलग. त्याच्या फळाने तिकडचे लोक पिढ्यान् पिढ्या दूध बसवीत आले आहेत. एचिसन या लष्करी डॉक्टराने त्याकडे लक्ष वेधले, आणि केंब्रिजच्या शेरिडन ली यांनी त्याच्या बियांतील दूध बसविणारे द्रव्य वेगळे करून १८८४ च्या सुमारास त्यावर निबंध लिहिला. हिंदुस्थानातील लोक जठराचे चीज खात नाहीत, हे त्यामागचे एक कारण होते. पोर्तुगालमध्येही एका काटेरी झाडाच्या फुलांनी दूध बसवून उत्तम चीज करतात. पण वनस्पतीच्या रसाने मुरलेल्या चीजला कडवटपणा येण्याची भीती असते, त्यामुळे मोठ्या कारखान्यांनी तो मार्ग धरला नाही.

खरा बदल घडला तो भूतदयेमुळे नव्हे, टंचाईमुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर जगात चीजची मागणी वाढत गेली आणि कोवळी वासरे कापण्याचे प्रमाण त्या मानाने कमी पडू लागले. रेनेट महागले. १९६० च्या दशकात जपानी शास्त्रज्ञांनी एका बुरशीपासून तेच काम करणारे विकर मिळविले. त्याला सूक्ष्मजीवजन्य रेनेट म्हणतात. पुढे १९९० साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आणखी एका प्रकाराला संमती दिली. यात वासराच्या त्या विकराची गुणसूत्रातील आज्ञा जिवाणूत घालतात आणि तो जिवाणू टाकीत वाढवून विकर मिळवितात. पुढे हे काम यीस्ट आणि बुरशीकडूनही करून घेऊ लागले. हिशेब वासराचा, पण वासरू नाही. हे आपल्याला चालते की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. ठरविण्यापुरती माहिती मात्र मिळाली पाहिजे.

आपल्याकडे आणंदच्या सहकारी संघाने म्हशीच्या दुधाचे चीज करून दाखविले. म्हशीच्या दुधाला हे जमणार नाही, असे परदेशी जाणकार म्हणत असत. आमच्या कृष्णा-वारणाकाठचे गोठे म्हशींचेच. १९३९ साली भिलवडीस सुरू झालेला चितळ्यांचा दूधधंदा असो, की नंतरचे सहकारी दूधसंघ असोत, त्यांचा मोठा आधार म्हैसच. त्यामुळे आणंदचा तो प्रयोग आम्हांलाही जवळचा. रेनेटच्या प्रश्नावर कर्नालच्या राष्ट्रीय दुग्धसंशोधन संस्थेत काम झाले. ग्राहकांच्या बाजूने ब्यूटी विदाउट क्रुएल्टी या संस्थेने, जिचे भारतातील काम १९७४ साली सुरू झाले आणि जिची कचेरी पुण्यात आहे, पदार्थांत लपलेल्या प्राणिज घटकांची माहिती लोकांपुढे मांडली आणि वेष्टनावर खुणेची मागणी लावून धरली. आपल्या मोठ्या उत्पादकांनी सूक्ष्मजीवजन्य रेनेट स्वीकारले. आता तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकांत चीजची व्याख्याच अशी आहे, की ते प्राणिज नसलेल्या रेनेटने किंवा अन्य योग्य द्रव्याने दूध बसवून केलेले असावे. चीजच्या व्याख्येतच ही अट घालणे, ही लहान गोष्ट नव्हे.

खुणेचा इतिहासही थोडक्यात सांगतो. २००१ साली आधी एप्रिलमध्ये मांसाहारी पदार्थासाठी तपकिरी ठिपका आणि डिसेंबरमध्ये शाकाहारी पदार्थासाठी हिरवा ठिपका सक्तीचा करणाऱ्या अधिसूचना निघाल्या. रंगांध माणसाला हिरवे-तपकिरी ओळखता येत नाही, म्हणून २०२० च्या नियमांनी मांसाहाराची खूण ठिपक्याऐवजी त्रिकोण केली. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आदेश दिला, की घटकाचा नुसता सांकेतिक क्रमांक छापणे पुरेसे नाही. तो वनस्पतीपासून, प्राण्यापासून की प्रयोगशाळेतून आला हेही उघड केले पाहिजे, मग त्याचे प्रमाण कितीही अल्प असो. आमच्या माळकऱ्याने मुकादमाला जे विचारले होते, तेच न्यायालयाने कारखानदारांना विचारले.

आता बाजारात उभे असताना काय पाहावे? देशी बांधीव चीजवर हिरवा ठिपका पाहावा आणि घटकांच्या यादीत 'सूक्ष्मजीवजन्य' असा शब्द आहे का ते वाचावे. परदेशी चीजच्या बाबतीत नावावर भुलू नये. इटलीतील पार्मिजानो रेज्जानो हे त्या नावाने विकायचे तर वासराचेच रेनेट वापरावे लागते, असा तेथील नियम आहे. ग्राना पादानो या चीजमध्ये अंड्यातील लायसोझाइमही असू शकते. हॉटेलात किसून घातलेल्या चीजवर ठिपका नसतो, तेथे वेष्टन दाखवा म्हणण्याचा संकोच करू नये. जेलीच्या गोळ्यांत आणि औषधांच्या कॅप्सुलांत जिलेटिन असते, ते हाडांचे आणि कातड्याचे. आपल्या महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा जाम मात्र फळांतल्या पेक्टिनने घट्ट होतो. १२० क्रमांकाचा लाल रंग किड्यांपासून काढतात. ६३१ क्रमांकाचे चववर्धक मांसमासळीचेही असू शकते आणि किण्वनाचेही. मिठाईवरचा चांदीचा वर्ख जुन्या रीतीने जनावराच्या आतड्यांच्या किंवा कातड्याच्या घड्यांत ठोकला जाई. ही यादी पाठ करण्यासाठी नाही. वेष्टन उलटून वाचण्याची सवय लागावी, एवढ्यासाठी आहे.

येथे कोणी म्हणेल, कामगार पुढाऱ्याने शाकाहाराचा प्रचार का करावा? आम्ही तो करीत नाही. आमच्या संघटनेत आखाडात मटण करणारे आहेत, माळ घातलेले आहेत, आणि सांगलीकडचे जैन शेतकऱ्यांचे पोरही आहेत. तिघांची वर्गणी सारखी. मटण खाणाऱ्यालाही आपण काय खातो हे कळण्याचा तितकाच हक्क आहे. आमची भीती निराळीच आहे. 'हे कशाचे?' हा सरळ प्रश्न विचारता विचारता लोक पुन्हा 'हे कोणाच्या हातचे?' याकडे घसरतात. दुकानदाराचे आडनाव विचारून माल घेतात, शेजाऱ्याचा डबा हुंगतात. पदार्थाच्या घटकाचे उत्तर वेष्टनाने द्यावे, आडनावाने नव्हे. ज्या दिवशी वेष्टन खरे बोलते, त्या दिवशी आडनाव विचारण्याचे निमित्त संपते.

आणि एक कबुली दिली पाहिजे. रेनेट वासराचे नाही म्हणून वासराचा प्रश्न सुटला, असे नाही. म्हशीचे नर रेडकू गोठ्यात किती दिवस जगते, हे आपल्या दूधपट्ट्यात सर्वांना माहीत आहे आणि त्याविषयी कोणी बोलत नाही. हिरवा ठिपका घटक सांगतो. गोठा सांगत नाही.

शेवटी त्या कामगाराचे. आमच्या चुकीनंतर पुढच्या मागणीपत्रात आम्ही एक कलम घातले: टाकीत पडणाऱ्या प्रत्येक द्रव्याचे नाव आणि मूळ मराठीत लिहून विभागात लावावे. व्यवस्थापनाने आधी ते हसण्यावारी नेले, आमच्यासारखेच. तीन महिन्यांनी पुरवठादाराचे पत्र आले, की द्रव्य बुरशीपासूनचे आहे, आणि भिंतीवर मराठी तक्ता लागला. आम्ही त्याला तो वाचून दाखवू लागलो, तर तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या अण्णा, मराठी हाय न्हवं, मी वाचतो." आणि त्याने एकेक अक्षरावर बोट ठेवीत सारा तक्ता वाचला. मग जरा थांबून विचारले, "आन् हे न्हाई कळलं आसतं तर? एवढी वर्सं मी घालतच होतो की."

त्याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. पण त्याला ते विचारता आले, आणि या वेळी आम्ही हसलो नाही.